शेवटच्या गोळीपर्यंतची सोबत



२४ मार्च हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉक या जर्मन डॉक्टरांनी बर्लिन येथे क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. हा दिवस बहुतेक वर्षी प्रायश्चित्तकाळात येतो. दुसऱ्याच दिवशी पवित्र मरियेला देवदूताने संदेश दिल्याचा सण असतो, त्यामुळे आपले लक्ष तिकडे असते आणि २४ तारीख निघून जाते. या वेळी अभ्यासपाठासाठी आम्ही मुद्दाम तोच विषय घेतला आहे. रोगापेक्षाही रोग्याच्या घरी जाणाऱ्या परिचारिकेविषयी आपण विचार करणार आहोत.

आपल्या समाजात नर्सिंग नवीन नाही. घरटी नाही, तरी गल्लीत एक तरी मुलगी नर्स असतेच. कोणी मुंबईच्या इस्पितळात, कोणी आखातात. परिचारिकांसाठी मिस्सात प्रार्थना होते तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या चादरींचा वॉर्ड येतो. पण खांद्याला पिशवी अडकवून, उन्हात चाळीचा जिना चढून, दार ठोठावून “काका, आज गोळ्या घेतल्या का?” असे विचारणारी परिचारिका सहसा आठवत नाही. तिला वॉर्ड नसतो. तिचे रुग्ण दहा वस्त्यांत विखुरलेले असतात आणि त्यांतील निम्म्यांना तिने आपल्या दारात येऊच नये असे वाटत असते.

आपल्या परिसरात हे काम करणाऱ्या परिचारिकांशी आम्ही बोललो. त्यांनी एकाही रुग्णाचे नाव सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. खाली जे लिहिले आहे ते अनेक घरांचे मिळून आहे. कोणी आपल्या शेजाऱ्याचा चेहरा त्यात शोधू नये.

आधी थोडी माहिती. जगातील एकूण टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो तेव्हा जंतू हवेत जातात आणि कोंदट खोलीत तरंगत राहतात. ताट, वाटी, पेला, कपडे, हस्तांदोलन यांतून तो पसरत नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, कारण आपल्याकडे रोगाचे निदान झाले की पहिली गोष्ट वेगळी होते ती म्हणजे ताटवाटी, आणि जी उघडायला हवी ती खिडकी मात्र “खोकला आहे, वारा लागेल” म्हणून बंदच राहते. परिचारिका घरात आल्यावर बसायच्या आधी खिडकी उघडते ती याचसाठी. योग्य औषधे सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत रुग्णाकडून संसर्ग पसरण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. मणक्याचा, गाठींचा, पोटाचा टीबी तर सहसा दुसऱ्याला होतच नाही.

एक काळ असा होता की टीबी झाला म्हणजे घर सोडायचे. पाचगणीचे बेल एअर, सांगली-मिरजेजवळचे वानलेस सॅनेटोरियम ही नावे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असत. ज्याच्याकडे पैसा होता तो तिथे जाई. ज्याच्याकडे नव्हता तो घरच्या कोपऱ्यात पडून राही. १९५० च्या दशकात मद्रास येथे एक मोठा अभ्यास झाला. गरीब वस्तीतील रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, चांगले अन्न दिले, विश्रांती दिली. दुसऱ्या गटाला त्याच औषधांवर आपल्याच दाटीवाटीच्या घरात ठेवले. त्यांना ना पुरेसे अन्न होते, ना विश्रांती. वर्षभराने पाहिले तर दोन्ही गटांतील बहुतेक रुग्ण जवळजवळ सारखेच सुधारले होते. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना अधिक लागण झाली असेही दिसले नाही, कारण जी लागण व्हायची ती औषध सुरू होण्याआधीच झालेली असते. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाची उपचारपद्धती बदलली. रुग्णाला घराबाहेर काढण्याचे कारणच उरले नाही. ही गोष्ट आपल्याच देशात सिद्ध झाली, तरी आपल्याच देशात ताटे अजून वेगळी होतात, हे नवल आहे.

पण त्या मद्रासच्या अभ्यासात आणखी एक बाजू होती. घरी राहिलेल्या रुग्णांकडे नियमित जाणारी माणसे होती. ती गोळ्या मोजत, लघवीची तपासणी करून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. घरी उपचार करायचे तर कोणीतरी घरी जायला हवे, हे तेव्हाच कळले होते. आजच्या परिचारिकेच्या कामाचे मूळ तिथे आहे.

ती करते काय? पहिल्या भेटीत ती रुग्णापेक्षा घर अधिक पाहते. माणसे किती, झोपतात कुठे, लहान मुले आहेत का, कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रात्रीचा घाम किंवा वजनात घट आहे का. घरातील सर्वांची तपासणी व्हावी लागते आणि ज्यांना रोग नाही त्यांनाही प्रतिबंधक औषध दिले जाते. मग रुग्णाकडे वळून ती त्याला बेडका कसा द्यायचा ते शिकवते. हे वाचून कोणी नाक मुरडू नये. सकाळी उठून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका आणि तोंडातील लाळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाळ दिली तर रोग असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. एका परिचारिकेने सांगितले, “फादर, मी दिवसातून तीनदा लोकांना खोकून दाखवते. माझ्या मुलीला वाटतं, आई रिहर्सल करते.”

औषधे वजनानुसार ठरतात. साध्या टीबीला सहा महिने लागतात. पहिले दोन महिने चार औषधे एकत्र, पुढचे चार महिने तीन. परिचारिका आधीच सांगून ठेवते की लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण रक्त समजून तिसऱ्याच दिवशी गोळ्या बंद करतो. पायांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले, लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला, डोळे पिवळे पडले, तर लगेच डॉक्टरांकडे पाठवायचे. दारू पिणाऱ्याशी वेगळे बोलावे लागते, कारण ही औषधे आणि दारू दोन्ही यकृतावरच येतात. मधुमेह तपासावा लागतो. एचआयव्हीची तपासणीही करावी लागते आणि ती गोष्ट काढताना खोलीतून सासूला बाहेर पाठवावे लागते.

हे सर्व झाले तरी तिचे खरे काम तिसऱ्या महिन्यात सुरू होते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, गालांवर मांस चढते. रुग्ण म्हणतो, “सिस्टर, मी बरा झालो.” आणि त्याला कामावर जायचे असते, कारण दोन महिन्यांची उधारी वाण्याकडे झालेली असते. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळते, मळमळत असताना परातीत सिमेंट कालवता येत नाही. म्हणून तो गोळ्या सोडतो. त्यात त्याची मूर्खपणाची नव्हे, संसाराची गणिते असतात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘दिसणे’ आणि ‘असणे’ यांतील भेदावर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. परिचारिकेला तो भेद एका वाक्यात सांगावा लागतो: बरे वाटणे वेगळे, बरे होणे वेगळे. भराभर वाढणारे जंतू औषधाने पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून बरे वाटते. पण काही जंतू जणू झोपल्यासारखे मंद असतात. त्यांना संपवायला उरलेले महिने लागतात. मध्येच औषध सोडले तर उरलेल्यांतून पुन्हा रोग उठतो, आणि कधी कधी औषधांना न जुमानणारा टीबी तयार होतो. त्याच्या उपचाराला पूर्वी दीड-दोन वर्षे लागत, सुया घ्याव्या लागत, काहींची श्रवणशक्ती जाई. २०२४ साली आपल्या सरकारने मान्यता दिलेल्या नव्या औषधयोजनेमुळे अनेकांसाठी तो काळ सहा महिन्यांवर येऊ शकतो, ही मोठीच दिलाशाची बाब आहे; पण तो रोग न झालेलाच बरा.

संत थॉमस अक्वायनस यांनी चिकाटी हा धैर्याचाच एक भाग मानला आहे. त्यांचे म्हणणे असे की काही कामे अवघड असतात ती धोक्यामुळे, पण काही कामे निव्वळ लांबल्यामुळे अवघड होतात. काळ हीच त्यांतील अडचण असते. टीबीचे औषध हे दुसऱ्या प्रकारात मोडते. एक गोळी गिळणे कोणालाही जमते. एकशे ऐंशी दिवस रोज गिळणे, त्यातही शेवटचे शंभर दिवस काहीच दुखत नसताना गिळणे, हे एकट्याचे काम नव्हे.

इथे एक प्रश्न विचारला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. कोणीतरी समोर उभे राहून प्रौढ माणसाला गोळी गिळताना पाहायचे, यात त्याचा अपमान नाही का? देवाने माणसाला स्वतंत्र केले आहे. मग ही पाळत कशाला? आम्हाला हा आक्षेप खरा वाटतो. पोलिसासारखे पाहणारे लोक या कामात असतात. ते वहीत टिकमार्क करतात आणि निघून जातात. अशा पाहण्याने माणूस लहान होतो, आणि मग तो गोळी जिभेखाली धरून ठेवायला शिकतो. बारा वर्षे हे काम करणाऱ्या भगिनीला आम्ही हाच प्रश्न केला. ती म्हणाली, “मी गोळी बघायला जात नाही, फादर. माणूस बघायला जाते. गोळी जाता-जाता बघते.” या उत्तरापुढे आमच्याजवळ अधिक काही नव्हते. ती रोज प्रत्येकाकडे जातही नाही. कोणाची पत्नी, कोणाचा मित्र, कुठे आशाताई ते काम करतात. कोणाला कोण चालेल हे ती रुग्णालाच विचारते. तेवढ्या विचारण्याने पाळतीची सोबत होते.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत त्वचारोग्यांविषयीचे नियम आहेत. ते अध्याय आपण सहसा ओलांडून पुढे जातो, कारण रुग्णाला छावणीबाहेर ठेवायचे हे वाचून कसेतरीच होते. पण सावकाश वाचले तर दिसते की याजकाला सारखे एकच काम सांगितले आहे: पाहा. पाहा, सात दिवस थांबा, पुन्हा पाहा. गरज पडली तर आणखी सात दिवस थांबा. आणि चौदाव्या अध्यायात रोगी बरा झाला आहे का हे पाहण्यासाठी याजकाने स्वतः छावणीबाहेर जायचे आहे. रोग्याने आत यायचे नाही, याजकाने बाहेर जायचे! मग विधी करून त्याला शुद्ध म्हणून जाहीर करायचे आणि परत आत आणायचे. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे केल्यावर याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले ते याचसाठी. शरीर बरे झाले होते. समाजात परत येणे बाकी होते.

आपण या नियमांचा पहिला अर्धा भाग अजून कडकपणे पाळतो आणि दुसरा अर्धा पार विसरलो आहोत. माणसाला बाजूला करायला आपल्याला डॉक्टरांचा अहवालही लागत नाही, नुसता खोकला पुरतो. पण त्याचा शेवटचा बेडका तपासून ‘जंतू नाहीत’ असा अहवाल आला, तरी तो आत आला असे कोणी जाहीर करत नाही. लग्न जुळवताना पाच वर्षांपूर्वीचा टीबी काढला जातो. मुलीच्या बाबतीत तर विशेष. मुलाचा ‘न्यूमोनिया’ होतो आणि मुलीचा मात्र टीबी तो टीबीच राहतो. नव्या सुनेला झाला तर “माहेरी आराम कर” म्हणून पाठवतात. तो आराम किती दिवसांचा हे कोणी सांगत नाही. काही जण मिस्सात मागच्या बाकावर बसू लागतात, शांतीच्या अभिवादनाच्या वेळी खाली पाहतात, आणि मग येईनासे होतात. या गोष्टी आपल्या धर्मग्रामात होत नाहीत असे म्हणायला आम्हाला आवडले असते.

गंमत पाहा, आपल्या घरांतील वेदीवर दोन क्षयरोगी आहेत आणि त्यांची ताटवाटी वेगळी ठेवावी असे कोणाला वाटत नाही. बाळ येशूची संत तेरेजा ३० सप्टेंबर १८९७ रोजी वयाच्या चोविसाव्या वर्षी टीबीने गेली. १८९६ च्या आज्ञागुरुवारच्या रात्री तिच्या तोंडातून पहिल्यांदा रक्त आले होते. तिच्या तसबिरीत आपण गुलाब पाहतो, खोकला कोणी रंगवत नाही. लूर्ड्‌सची संत बर्नादेत्त तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. नेव्हेरच्या मठात ती आजारी भगिनींची शुश्रूषा करी; पुढे गुडघ्याच्या क्षयाने स्वतःच अंथरुणाला खिळली आणि १६ एप्रिल १८७९ रोजी, पस्तिसाव्या वर्षी, देवाघरी गेली. जिच्या हाताने दाखवलेल्या झऱ्यावर रोगी बरे होतात ती स्वतः बरी झाली नाही. त्या काळी टीबीवर औषधच नव्हते. पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. संत तेरेजाला जे मिळाले नाही ते आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

औषध फुकट आहे, जेवण नाही. परिचारिका सर्वांत जास्त बोलतात त्या याविषयी. कुपोषण आणि टीबी एकमेकांचा हात धरून चालतात. झारखंडमध्ये झालेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे दाखवतो की रुग्णाच्या घरातील इतर माणसांना धान्य-डाळीचा पुरेसा शिधा दिल्यावर त्यांच्यात टीबी होण्याचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी घटले. आणि ज्या रुग्णांचे वजन सुरुवातीच्या महिन्यांत वाढले त्यांच्यात मृत्यू कमी झाले. डाळीने रोग अडतो, इतकी ही साधी गोष्ट आहे. सरकार निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत मदत देते; २०१८ साली ती महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. ती बँक खात्यात जमा होते, आणि ज्याचे खाते बंद पडले आहे किंवा आधारशी जुळत नाही त्याच्यासाठी बँकेत खेटे घालणे हेही परिचारिकेच्याच वाट्याला येते. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून कोणीही व्यक्ती वा संस्था रुग्णाचा शिधा उचलू शकते.

हे आपल्याला करता येईल. व्हिन्सेंट डी पॉल मंडळाच्या बैठकीत तसा विचार झाला आहे. मात्र एक अट परिचारिकांनी घातली आणि ती आम्हाला शंभर टक्के मान्य आहे: शिधा चर्चच्या आवारात रांग लावून द्यायचा नाही, फोटो काढायचा नाही, नावे या पत्रकात छापायची नाहीत. पिशवी परिचारिका नेईल. कोणाकडे गेली हे मंडळालाही कळणार नाही. डाव्या हाताला न कळता उजव्या हाताने देण्याची प्रभूची शिकवण इतकी शब्दशः पाळण्याची संधी क्वचित मिळते.

आमच्या बाजूनेही काही. औषधाचे पहिले दोन आठवडे रुग्णाने घरी राहावे, मिस्सा चुकल्याची खंत करू नये. निरोप मिळाल्यास आम्ही ख्रिस्तशरीर घरी आणू. धर्मगुरू दारात दिसले की शेजारी तर्क करतात हे आम्ही जाणतो, म्हणून त्या गल्लीतील इतर म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या घरीही त्याच दिवशी जाऊ. आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार मागायला संकोच नको. तेल लावले म्हणजे माणूस जाणार, ही समजूत किती वेळा सांगूनही जात नाही. आणि कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर नोव्हेनासोबत बेडक्याची तपासणीही करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

लहान ख्रिस्ती समूहांनी या आठवड्याच्या बैठकीत संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या बारा ओव्या वाचाव्यात. चौघे जण पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे दार सापडत नाही म्हणून छप्पर उकलतात. प्रभूने कोणाचा विश्वास पाहिला, हे ओवी पाचमध्ये नीट पाहावे. मग पुढील प्रश्नांवर बोलावे. आपल्या वाडीत खाट उचलणारे चौघे कोण आहेत, आणि एखाद्या परिचारिकेला चारही कोपरे एकटीलाच धरावे लागतात काय? आपल्या घरी ताट कधी वेगळे झाले होते काय, आणि ते परत मांडीला मांडी लावून केव्हा वाढले गेले? ज्यांना या प्रश्नावर समूहात बोलता येणार नाही त्यांनी गप्प राहावे, कोणी आग्रह करू नये. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर परिचारिका भगिनी सभागृहात बसणार आहेत. वजनकाटा असेल, रक्तदाबही तपासला जाईल, त्यामुळे कोण कशासाठी आत गेले हे बाहेर उभ्या असलेल्यांना कळणार नाही.